गुडघा, ओळंबा आणि यंत्राचा हात

मराठी भाषेने गुडघ्याला फारशी प्रतिष्ठा दिलेली नाही. ज्याला बुद्धी बेताची त्याची अक्कल गुडघ्यात, लग्नाला जो उतावळा झाला त्याचे बाशिंग गुडघ्याला, आणि जो हरला त्याने गुडघे टेकले, अशी या बिचाऱ्या सांध्याची आमच्या बोलण्यात संभावना होते. आणि तरीही महाराष्ट्रीय घराचा सारा आचार या सांध्याच्याच भरवशावर उभा राहिला. पाटावरची पंगत, सोवळ्यातली पूजा, उंबऱ्याशी उकिडवे बसून काढलेली रांगोळी, थोरांपुढे वाकून केलेला नमस्कार, या सर्वांना वाकणारा आणि वाकून पुन्हा उठणारा गुडघा लागतो. तो तक्रार करीत नाही तोवर त्याची आठवण कोणास होत नाही. ग्वाल्हेर असो, दिल्ली असो की कलकत्ता, महाराष्ट्र मंडळांच्या गणेशोत्सवांतून जमिनीवरची पंगत आक्रसत गेली आणि टेबलखुर्चीची पंगत वाढत गेली. यास काळाचा बदल कारण आहे, हे खरे. परंतु मंडळाचे जुने सभासद पन्नाशी-साठी ओलांडून गेले, हेही कारण तितकेच खरे आहे.

आम्हां परप्रांतात नोकरी करणाऱ्यांना हा विषय दोन बाजूंनी भिडतो. एक तर दौरे, जिने आणि बदल्या यांत झिजलेले आमचे स्वतःचे गुडघे. आणि दुसरे, दूर पुण्यास, नागपुरास किंवा कोल्हापुरास असलेले आईवडिलांचे गुडघे. त्यांच्या शस्त्रक्रियेचा निर्णय बहुधा फोनवरूनच घ्यावा लागतो. गेल्या काही वर्षांत या निर्णयात एका नव्या शब्दाची भर पडली आहे. रुग्णालयांच्या जाहिराती सांगतात की, येथे गुडघा यंत्रमानवाच्या साहाय्याने बदलला जातो. हा यंत्रमानव कोण, तो नेमके काय करतो, त्याची गरज कोणास व का वाटली, आणि त्याच्या येण्याने वृद्धांच्या दुःखाचा भार किती हलका झाला, हे प्रश्न त्या फोनच्या दोन्ही टोकांस उभे राहतात. त्यांची उत्तरे जाहिरातीत मिळणे कठीण. इतिहासात मात्र ती बऱ्याच अंशी मिळतात, असे आम्हांस वाटते.

गुडघेदुखी ही काही आजची व्याधी नव्हे. कोल्ह्याच्या डोक्यासारख्या सुजलेल्या गुडघ्याला आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथकारांनी क्रोष्टुकशीर्ष असे नाव दिले आहे. ज्याने तो सुजलेला सांधा डोळ्यांनी पाहिला असेल, त्याला या नावातील निरीक्षण किती नेमके आहे ते कळेल. मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोके नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकतात, पुढून वाटी त्यांवर सरकते, आणि या सर्वांमध्ये कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे त्वचेची जखम जशी भरून येते तशी कूर्चेची झीज भरून येत नाही. वर्षानुवर्षांची झीज साचत जाते, एके दिवशी हाडाला हाड लागते, आणि मग जिन्याची प्रत्येक पायरी मोजून चढावी लागते. औषध, व्यायाम, वजन कमी करणे आणि काठी यांनी पुष्कळांचे पुष्कळ दिवस निभते. ज्यांचे निभत नाही त्यांच्यासाठी सांधा बदलण्याचा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रथम सुचला.

तो विचार कृतीत आणणारा पहिला मनुष्य थेमिस्टोक्लेस ग्लुक. १८५३ साली मोल्डाव्हियातील यास या गावी जन्मलेला हा शल्यविशारद बर्लिनमध्ये काम करीत होता. त्या काळी सांध्यांचा क्षय हा तरुणांचा शत्रू होता, आणि सडलेला सांधा कापून काढून पाय कायमचा ताठ करणे हाच त्यावरचा रूढ उपाय. २० मे १८९० रोजी ग्लुकने क्षयग्रस्त अशा १७ वर्षांच्या एका मुलीच्या गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसविली. हाडात ती पक्की बसावी म्हणून त्याने प्लॅस्टर, राळ आणि ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाची पूड यांचे मिश्रणही योजले. आजच्या अस्थिसिमेंटचा हा पूर्वजच म्हणावयाचा! सांधा हलू लागला आणि सारे आश्चर्यचकित झाले. परंतु क्षयाचे आणि पुवाचे जंतू त्या हस्तिदंताभोवती पुन्हा जमू लागले, आणि एकामागून एक बसविलेले सांधे काढून टाकावे लागले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिन येथे दहावी आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली. ग्लुकने आपले प्रयोग तेथे मांडावेत हे त्याचे वरिष्ठ अर्न्स्ट फॉन बेर्गमान यांना पसंत नव्हते, आणि त्यांनी त्याला मागे खेचले. गंमत अशी की, याच परिषदेत रॉबर्ट कॉख यांनी क्षयावर आपणांस उपाय सापडल्याची घोषणा केली. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती उचलली आणि रुग्णांचे लोंढे बर्लिनला लोटले. कालांतराने तो उपायही क्षय बरा करीत नाही, असे सिद्ध झाले. एकाच नगरीत, एकाच ऋतूत, एक अपुरा शोध दडपला गेला आणि दुसरा अपुरा शोध डोक्यावर घेतला गेला. नव्या उपचाराचे मोल त्याच्या गाजावाजावरून ठरत नाही आणि त्याच्या विरोधावरूनही ठरत नाही, ते कळण्यास काही वर्षांचा प्रामाणिक हिशेब लागतो, हा धडा गुडघ्याच्या इतिहासाच्या पहिल्याच पानावर लिहिलेला आहे.

यापुढची साठ वर्षे अडखळण्यात गेली. झिजलेल्या हाडांमध्ये रुग्णाच्याच मांडीतील स्नायूंवरचे आवरण घालून पाहिले गेले, डुकराच्या मूत्राशयाचा पडदाही घालून पाहिला गेला. १९५१ मध्ये स्वीडनच्या बोर्ये वाल्डियस यांनी ॲक्रिलिकची आणि पुढे धातूची बिजागरी बसविली, तर १९५४ मध्ये इंग्लंडच्या शायर्स यांनी पोलादी बिजागरीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. दाराच्या बिजागरीला एकच हालचाल ठाऊक असते, उघडणे आणि मिटणे. गुडघा मात्र वाकताना लोळतो, घसरतो आणि थोडासा फिरतोही. गटिंगेनच्या वेबर बंधूंनी चालण्याच्या यंत्रशास्त्रावरील आपल्या ग्रंथात हे १८३६ सालीच सांगून ठेवले होते. परंतु शास्त्राने सांगितलेले कारागिराच्या कानी पडण्यास कधीकधी शतक लागते. जो पीळ बिजागरीने घेतला नाही तो हाडाने घेतला, बिजागऱ्या सैल झाल्या, आणि रुग्ण पुन्हा काठीवर आला.

वाट सापडली ती शेजारच्या सांध्यात. लँकेशायरमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली खुब्याचा सांधा बदलण्याच्या मागे लागले होते. धातूचा लहान गोळा, प्लास्टिकची वाटी आणि त्यांना हाडात बसविणारे ॲक्रिलिक सिमेंट अशी त्यांची त्रिसूत्री होती. पहिल्या प्रयत्नात त्यांनी टेफ्लॉन वापरले. ते झपाट्याने झिजले, त्याच्या कणांनी सभोवतालचे मांस बिघडविले, आणि शेकडो रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करणे भाग पडले. १९६२ साली प्लास्टिकचा एक फिरता विक्रेता त्यांच्या कार्यशाळेत एक नवा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील मागांच्या दात्यांसाठी वापरले जाणारे हे पॉलिएथिलिन होते. चार्नलींनी ते नखाने दाबून पाहिले आणि नापसंत केले. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने मात्र ते मुकाट्याने झिजेच्या यंत्रावर चढविले. टेफ्लॉन जेथे संपून जात होते तेथे या तुकड्याची झीज जेमतेम दिसत होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून ते रुग्णांत बसू लागले. ज्या लँकेशायरची यंत्रे मुंबईच्या गिरणगावात धडधडत होती, तेथल्याच मागाच्या दात्यांनी जगाच्या सांध्यांना वंगण पुरविले, असे म्हणावयास हरकत नाही.

चार्नलींच्या हाताखाली शिकावयास आलेला कॅनडाचा एक तरुण, फ्रँक गन्स्टन, हा अभियांत्रिकी शिकून मग वैद्यकाकडे वळला होता. त्याने चार्नलींची त्रिसूत्री गुडघ्यास लावली, आणि बिजागरीचा मोह सोडून दिला. मांडीच्या हाडावर धातूच्या दोन वक्र पट्ट्या, नडगीच्या माथ्यावर प्लास्टिकच्या दोन पन्हळी, आणि या दोहोंना एकत्र राखण्याचे काम रुग्णाच्या स्वतःच्या अस्थिबंधांकडे. १९६८ मध्ये त्याने हा गुडघा बसविला. त्याचे एकस्व मात्र त्याने घेतले नाही. त्यामुळे ही कल्पना सर्वांची झाली आणि झपाट्याने पसरली.

या कल्पनेला आजचे रूप न्यूयॉर्कमध्ये आले. तेथील हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी या संस्थेत जॉन इन्सॉल, अभियंता पीटर वॉकर आणि चित्तरंजन राणावत या त्रयीने १९७४ मध्ये जो गुडघा सिद्ध केला, त्याचीच वंशावळ आजही जगभर बसविली जाते. यांतील राणावत मध्यप्रदेशातून गेलेले, इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर या परिसरात ज्यांची नोकरीची वर्षे गेली, त्या आमच्या वाचकांना हे वाचून आपल्या गावचे कोणी भेटल्यासारखे वाटेल. २००० सालच्या ऑक्टोबरात तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर आणि २००१ च्या जूनमध्ये उजव्या गुडघ्यावर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात राणावतांनीच शस्त्रक्रिया केली. ग्वाल्हेरात जन्मलेला रुग्ण, इंदुरात शिकलेला शल्यविशारद आणि मुंबईतले रुग्णालय! त्या दिवसांत देशभरच्या वृत्तपत्रांनी गुडघ्याच्या आकृत्या छापल्या, आणि जी शस्त्रक्रिया तोवर श्रीमंतांची किंवा परदेशची समजली जाई तिची चर्चा सामान्य घरांच्या ओसरीवर होऊ लागली.

सांधा असा सिद्ध झाला, तरी तो बसवावयाचा कसा, हा प्रश्न उरलाच होता. गवंडी भिंत चढविताना ओळंबा सोडतो आणि कोपऱ्यास गुण्या लावतो. शल्यविशारदालाही तेच करावे लागते. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत ओढलेली रेषा गुडघ्याच्या मध्यातून जावी, हा त्याचा ओळंबा. या रेषेपासून नवा सांधा तीन अंशांहून अधिक कलू नये, असा नियम पुढे रूढ झाला, कारण कललेल्या भिंतीप्रमाणे कललेल्या सांध्यावरही भार एकाच बाजूस पडतो. परंतु येथे खुबा मांसात दडलेला, घोटा कपड्याखाली झाकलेला, आणि उघडा केवळ गुडघा. मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून तिच्या आधारे कापणीचा साचा बसवावयाचा आणि बाकीचे अनुभवाने जुळवावयाचे, ही रीत पडली. अनुभवी हातांना ती साधे. परंतु हात सारखे नसतात, आणि एकच हातही रोज सारखा नसतो.

येथे स्वीडनचे एक उदाहरण सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. १९७५ साली त्या देशाने बदललेल्या प्रत्येक गुडघ्याची राष्ट्रीय नोंदवही उघडली. कोणता सांधा बसविला, तो पुन्हा काढावा लागला काय, आणि लागला तर किती वर्षांनी, एवढे साधे प्रश्न. परंतु त्यांच्या उत्तरांतून वाईट सांधे बाद झाले आणि चांगले टिकले. सरकारी नोंदवहीची थट्टा करणे हा आम्हां नोकरदारांचा आवडता विरंगुळा आहे. येथे मात्र एका नोंदवहीने असंख्य माणसांची दुसरी शस्त्रक्रिया वाचविली. अशाच निरनिराळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले की, संपूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात. या यशातील सिंहाचा वाटा यंत्रमानवाच्या आधीच्या काळाचा आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता त्या यंत्रमानवाकडे वळू. रोबोट हा शब्द चेकोस्लोव्हाकियाच्या कारेल चापेक या लेखकाने १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नाटकात आणला, आणि तो सुचविला त्याचा भाऊ योसेफ याने. चेक भाषेत रोबोटा म्हणजे जमीनदारासाठी करावी लागणारी सक्तीची मजुरी. आमच्या मराठीत याला नेमका शब्द आहे, वेठ. तेव्हा यंत्रमानव हा भाषांतरित शब्द ऐटदार असला, तरी मूळ शब्दाचा अर्थ वेठकरी असाच होतो. शस्त्रक्रियागृहातील यंत्राला हे मूळचे नाव अधिक शोभते, असे पुढील हकीकतीवरून दिसून येईल.

त्याचे पहिले पाऊल अगदी नम्र होते. १९८३ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे आर्थ्रोबॉट नावाचे यंत्र शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाचा पाय हव्या त्या स्थितीत धरून ठेवू लागले. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात कारखान्यातील एका यंत्रबाहूचा उपयोग मेंदूत सुई नेमक्या जागी नेण्यासाठी करण्यात आला. परंतु हाड प्रत्यक्ष कापणारे यंत्र निर्माण झाले ते कुत्र्यांच्या निमित्ताने. कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे हॉवर्ड पॉल हे पशुवैद्य आणि विल्यम बार्गर हे शल्यविशारद यांना एकच चिंता होती. खुब्याचा कृत्रिम सांधा ज्या पोकळीत बसावयाचा ती हाताने कोरली की ओबडधोबड होते. आयबीएम या संगणक-कंपनीच्या संशोधकांना बरोबर घेऊन त्यांनी रोबोडॉक हे यंत्र तयार केले. आधी २६ कुत्र्यांवर त्याची परीक्षा झाली, आणि ७ नोव्हेंबर १९९२ रोजी सॅक्रामेंटोत ते प्रथम मनुष्याच्या खुब्यासाठी वापरले गेले. ज्यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली ते पॉल पुढच्याच वर्षी रक्ताच्या कर्करोगाने वारले.

रोबोडॉक हा खरा स्वयंचलित कारागीर होता. शल्यविशारदाने आराखडा आखून द्यावयाचा, हाड यंत्राला जखडून द्यावयाचे, आणि मग हात बाजूस घेऊन लाल बटनाशी उभे राहावयाचे. कोरण्याचे काम यंत्र करी. अमेरिकेत परवानगी लांबली तेव्हा हे यंत्र जर्मनीत गेले, आणि १९९४ पासून तेथे त्याचा मोठा बोलबाला झाला. पोकळी खरोखरच सुबक होत असे. परंतु यंत्राला हाड मोकळे मिळावे म्हणून सभोवतालचे स्नायू अधिक ताणावे लागत, वेळ अधिक लागे, आणि काही रुग्ण लंगडू लागले. गाऱ्हाणी न्यायालयांत गेली, वृत्तपत्रांनी हात धुऊन घेतले, आणि २००४ च्या सुमारास जर्मनीतील ही लाट ओसरली. हाड नेमके कापले गेले होते. मनुष्य मात्र हाडाहून मोठा असतो, एवढेच त्या हिशेबात धरले गेले नव्हते.

या अनुभवातून दोन नव्या वाटा फुटल्या. पहिली फ्रान्समध्ये. २१ जानेवारी १९९७ रोजी ग्रेनोबल येथे संगणकाच्या दिग्दर्शनाने पहिला गुडघा बसविण्यात आला. येथे यंत्र कापत नव्हते, ते फक्त दाखवीत होते. हाडांवर रोवलेल्या खुणा कॅमेऱ्याने टिपून ओळंबा कोठे आहे ते पडद्यावर सांगणे, एवढेच त्याचे काम. दुसरी वाट लंडनच्या इंपीरियल कॉलेजात निघाली. ब्रायन डेव्हिस आणि जस्टिन कॉब यांनी ॲक्रोबॉट नावाचा यंत्रबाहू केला. तो शल्यविशारदाने आपल्या हाताने चालवावयाचा, पण आराखड्याची सीमा आली की यंत्राने हात अडवावयाचा. अंगणात खेळणाऱ्या मुलास कुंपण जसे अडविते तसा हा प्रकार. २००६ मध्ये त्यांनी आपली परीक्षा प्रसिद्ध केली. ती होती अवघ्या २८ गुडघ्यांची, पण परिणाम बोलका होता. यंत्राच्या साहाय्याने बसविलेले सारे गुडघे योजलेल्या स्थितीच्या दोन अंशांच्या आत होते, तर केवळ हाताने बसविलेल्यांपैकी ४० टक्केच. आज जे यंत्रबाहू रुग्णालयांतून दिसतात त्यांपैकी बहुतेकांचे तत्त्व, कमीअधिक फरकाने, हेच आहे. अमेरिकेतील फ्लॉरिडा येथील मॅको कंपनीचा बाहू २००६ पासून अर्धा गुडघा बदलण्यासाठी वापरात आला. स्ट्रायकर या बड्या कंपनीने २०१३ मध्ये सुमारे १६५ कोटी डॉलर मोजून ती कंपनी विकत घेतली, आणि त्यानंतर कृत्रिम सांधे बनविणाऱ्या इतर मोठ्या कंपन्यांनाही स्वतःचे यंत्र असल्यावाचून गत्यंतर उरले नाही.

तेव्हा यंत्रमानव शस्त्रक्रिया करतो म्हणजे नेमके काय घडते? काही पद्धतींत आधी गुडघ्याचे सी. टी. स्कॅन काढून त्यावरून हाडाची त्रिमितीय प्रतिमा तयार करतात; काहींत ती शस्त्रक्रियेच्या वेळीच घडवितात. रुग्णास भूल दिल्यावर मांडीच्या व नडगीच्या हाडांत बारीक खिळे रोवून त्यांवर खुणा बसवितात, आणि कॅमेरा त्या खुणांवरून पाय कोठे आहे ते क्षणोक्षणी ओळखतो. शल्यविशारद पाय वाकवून, सरळ करून, अस्थिबंध किती सैल वा ताठ आहेत ते पाहतो, आणि पडद्यावरच आराखड्यात मिलिमीटरचा फेरफार करतो. मग करवत हाती घेतो. यंत्र ती करवत ठरलेल्या पातळीत धरते आणि सीमेबाहेर जाऊ देत नाही. कोठे कापावयाचे, किती कापावयाचे, कोणता अस्थिबंध मोकळा करावयाचा आणि मुळात शस्त्रक्रिया करावी की नाही, हे सारे निर्णय माणसाचेच राहतात. खिळ्यांच्या छिद्रांतून क्वचित हाड मोडते, आणि यंत्राची ओळख पटेपर्यंत वेळ अधिक लागतो, हे त्याचे मोल होय.

या मोलाच्या बदल्यात रुग्णाला काय मिळते, याचा उत्तम हिशेब दक्षिण कोरियातून आला. तेथे २००२ पासून रोबोडॉकने बसविलेले गुडघे आणि हाताने बसविलेले गुडघे यांची तुलना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निष्पक्ष वाटणी करून करण्यात आली. प्रत्येक गटात सहाशेंहून अधिक रुग्ण, आणि पाठपुरावा किमान दहा वर्षांचा. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की वेदना, हालचाल आणि सांध्याचे आयुष्य या तिन्ही बाबतीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हे जुन्या पिढीचे यंत्र होते, नव्या बाहूंचा न्याय त्यावरून पूर्णपणे करू नये, हा आक्षेप रास्त आहे. परंतु ओळंबा अधिक सरळ साधला म्हणजे चालणारा अधिक सुखी होतोच, हे गृहीत या हिशेबाने डळमळीत केले, यात संशय नाही.

आणि त्याहून मोठा प्रश्न वेगळाच आहे. इंग्लंडमधील आणि कॅनडातील मोठ्या पाहण्यांत असे दिसून आले की, गुडघा बदललेल्यांपैकी जवळजवळ एक पंचमांश लोक समाधानी नसतात. सांधा जागेवर आहे, छायाचित्रात रेषा सरळ आहे, आणि तरीही मनुष्य म्हणतो की हा गुडघा माझा वाटत नाही. यावरून खुद्द ओळंब्याविषयीच वाद उत्पन्न झाला आहे. सर्वांचे पाय एकाच रेषेत आणावेत की ज्याचे पाय जन्मतः किंचित बाकदार आहेत त्याला त्याचाच बाक परत द्यावा, यावर शल्यविशारदांत आज दोन पक्ष आहेत. यंत्र दोन्ही पक्षांची सेवा सारख्याच निष्ठेने करील. सांगाल ती रेषा ते कापील, पण कोणती रेषा योग्य, हे त्याला विचारून उपयोग नाही. वेठकऱ्याला मालकाच्या जमिनीचा वाद विचारीत नाहीत.

आपल्या देशापुरते बोलावयाचे तर या कथेत सरकारी आज्ञेचेही एक पान आहे. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीस कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा जो सांधा सर्वाधिक वापरात होता, त्याची सरासरी छापील किंमत १,५८,३२४ रुपये होती. ती, कर वगळून, ५४,७२० रुपयांवर आणण्यात आली. अनेक मध्यमवर्गीय घरांना यामुळे शस्त्रक्रिया आवाक्यात आली. ही मर्यादा होती ती सांध्यावर. तो बसविणाऱ्या यंत्राचा खर्च तीत येत नव्हता. कोट्यवधी रुपयांचे यंत्र घेतले की त्याचे मोल कोणत्या तरी बिलातून वसूल व्हावयाचेच, हे हिशेबखात्यात ज्यांची हयात गेली त्या आमच्या वाचकांना सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट, आणि ती आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याची वाटते. गुडघ्याचे हे सारे शास्त्र प्रथम खुर्चीवर बसणाऱ्या समाजांत वाढले. जयपूरच्या रुग्णालयात १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा हा कारागीर यांनी कृत्रिम पाऊल घडविले, तेव्हा त्यांनी प्रथम हे विचारले की, आपला माणूस बसतो कसा, चालतो कोठे. तो उकिडवा बसतो, मांडी घालतो, अनवाणी शेतात जातो. त्या प्रश्नातून जयपूर फूट जन्मास आले. कृत्रिम गुडघ्याच्या बाबतीत पुष्कळ शल्यविशारद जमिनीवर बसण्याची सवय सोडावयास सांगतात, कारण पूर्ण वाकलेल्या सांध्यावर भार फार येतो. ज्या आजीला देवापुढे पाटावर बसणे हेच आयुष्याचे सुख वाटते, तिला शस्त्रक्रियेपूर्वी हे कोणी स्पष्ट सांगितले पाहिजे. वेदना जाईल, चालता येईल, जिना चढता येईल; पाट मात्र बहुधा चौरंगाच्या उंचीचा करावा लागेल. हे आधी कळले तर ती ते आनंदाने स्वीकारते. मागाहून कळले तर त्या असमाधानी एक पंचमांशांत तिची गणना होते.

ग्लुकच्या हस्तिदंतापासून यंत्राच्या बाहूपर्यंतचा हा सव्वाशे वर्षांहून मोठा प्रवास पाहता आम्हांस यंत्राविषयी राग नाही, आणि त्याचे स्तोम माजवावे असेही वाटत नाही. उत्तम हातात ते उत्तम हत्यार आहे. सामान्य हाताला ते कदाचित मोठ्या चुकीपासून अडवील, आणि तेही काही लहान उपकार नव्हेत. परंतु घरच्या वडीलधाऱ्यांसाठी निर्णय घेणाऱ्याने यंत्राच्या नावाआधी चार प्रश्न विचारावेत. शस्त्रक्रियेवाचून निभण्यासारखे सर्व उपाय करून झाले काय? शस्त्रक्रिया करणारे गृहस्थ अशा किती शस्त्रक्रिया दरवर्षी करतात? यंत्राखातर जादा पैसे किती, आणि त्यांच्या बदल्यात नेमके काय? आणि चौथा प्रश्न डॉक्टरांना नव्हे, ज्याचा गुडघा त्यालाच विचारावा: हा गुडघा बरा झाला तर तुम्हांला पहिल्यांदा काय करावेसे वाटते?

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही सी. टी. स्कॅनमध्ये उमटत नाही. कोणास पंढरीची वारी करावयाची असते, कोणास केवळ रात्री झोप हवी असते, आणि कोणास तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीकडे हळदीकुंकवास जावयाचे असते. आराखडा त्या उत्तरापासून सुरू झाला, तर पुढे करवत माणसाने धरली काय आणि यंत्राने सावरली काय, ओळंबा योग्य जागी सुटला असे म्हणता येईल.